गोष्टीतली ख्रिस्ती शिकवण

वाचनाशी आपल्यापैकी पुष्कळांची पहिली ओळख झाली ती इसापच्या गोष्टींतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली या गोष्टी मराठीत आणल्या आणि पुढे क्रमिक पुस्तकांतून त्या घरोघर गेल्या. त्यांच्याबरोबर आपल्याला एक सवय लागली. कोल्ह्याने उड्या मारल्या, द्राक्षे आंबट ठरली, गोष्ट संपली. की लगेच खाली डोळा जातो, तात्पर्य काय? ही सवय वाईट आहे असे मी म्हणत नाही. व्यवहाराचे शहाणपण तिच्यामुळे पुष्कळ मिळते. आळशी माणूस उपाशी राहतो, लबाड माणूस फसतो, कष्टाळू माणसाला फळ मिळते. एका बाजूला करणी, दुसऱ्या बाजूला भरणी. शेवटी दोन्ही रकमा जुळतात. वाण्याच्या चोपडीसारखा चोख हिशेब!

अडचण येते ती हीच सवय घेऊन आपण ख्रिस्ती श्रद्धेतून जन्मलेली पुस्तके वाचू लागतो तेव्हा. ऑस्कर वाइल्डची परीकथा असो, टॉलस्टॉयची गोष्ट असो की व्हिक्टर ह्यूगोची हजार पानांची कादंबरी असो, आपण शेवटी तात्पर्य शोधतो. 'दया करावी', 'खरे बोलावे', 'शेजाऱ्यावर प्रेम करावे' असे काहीतरी हाती लागते आणि आपण पुस्तक मिटतो. हे चूक नाही. पण एवढेच सांगायचे असते तर एवढ्या मोठ्या लेखकांनी एवढा खटाटोप कशाला केला असता? मग या पुस्तकांतली खास ख्रिस्ती शिकवण नेमकी कुठे असते आणि ती ओळखायची कशी, याचा थोडा विचार आज आपण करू.

यासाठी मुळापाशी गेले पाहिजे. येशूने स्वतः शिकवण दिली ती बहुतांशी गोष्टींतून. मराठी ख्रिस्ती मंडळी या गोष्टींना 'दाखले' म्हणतात. त्यांतले तीन पाहा. एका मेंढपाळाकडे शंभर मेंढरे आहेत. एक हरवते. तो नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघतो. आता कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, हा शहाणपणा आहे का? दुसरी गोष्ट द्राक्षमळ्याची. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, अगदी दिवस मावळायला तासभर उरला असतानाही काहींना बोलावतो. आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. आपणही कुरकुरलो असतो. तिसरी गोष्ट उधळ्या मुलाची. बापाच्या हयातीतच वाटणी मागून घेतलेला धाकटा मुलगा सगळे उडवून, डुकरे राखण्याची पाळी आल्यावर परत येतो. बाप त्याला लांबूनच ओळखतो, धावत जाऊन मिठी मारतो, अंगावर चांगला झगा घालतो आणि घरात मेजवानी मांडतो.

या तिन्ही गोष्टींत एक धागा आहे. हिशेब जुळत नाही. ज्याने मिळवले नाही त्याला मिळते. ज्याची लायकी नाही त्याच्यासाठी दार उघडते. ख्रिस्ती धर्मशास्त्रात याला 'कृपा' म्हणतात. शब्द आपल्याला परका नाही. आपल्या संतांच्या अभंगांत तो पदोपदी भेटतो. पण ख्रिस्ती विचारात त्याला एक विशेष जोड आहे. चुकलेला हिशेब तसाच सोडून दिला जात नाही, दुसरा कुणीतरी तो आपल्या अंगावर घेतो. क्रूस म्हणजे तेच.

तेव्हा माझे सांगणे एवढेच, की अशा पुस्तकात जिथे हिशेब मोडतो तिथे थांबावे. शिकवण असलीच तर तिथे असते. शेवटच्या ओळीत ती सापडेलच असे नाही.

मुलांच्या पुस्तकांपासून सुरुवात करू. वाइल्डची 'स्वार्थी राक्षस' ही गोष्ट १८८८ साली पुस्तकात आली. राक्षस आपल्या बागेत खेळणाऱ्या मुलांना हाकलतो आणि भोवती भिंत घालतो. बागेत हिवाळा येतो तो हलतच नाही. एके दिवशी भिंतीच्या भोकातून मुले आत शिरतात, झाडांवर चढतात आणि झाडे फुलतात. एकाच कोपऱ्यात बर्फ उरते, कारण तिथला मुलगा फार लहान आहे, त्याला चढता येत नाही. राक्षस खाली उतरतो आणि त्याला अलगद फांदीवर बसवतो. मुलगा त्याच्या गळ्यात हात टाकतो. भिंत पाडली जाते. इथे गोष्ट संपली असती तर 'वाटून घ्यावे' हे तात्पर्य झकास बसले असते. पण वाइल्ड थांबत नाही. राक्षस म्हातारा होतो. तो लहानगा पुन्हा कधी दिसत नाही. दिसतो तो एकदम शेवटी, ऐन हिवाळ्यात, पांढऱ्या फुलांनी डवरलेल्या झाडाखाली. त्याच्या तळहातांवर आणि पावलांवर खिळ्यांच्या खुणा आहेत. राक्षस संतापतो, पण मूल त्याला शांत करते आणि आपल्या बागेत, म्हणजे स्वर्गात, घेऊन जाते. एका मुलाला फांदीवर उचलून ठेवले एवढेच याचे भांडवल, आणि मिळाले केवढे! त्या खुणा कशाच्या हे ख्रिस्ती घरातल्या मुलाला कळते. इतरांना कळले नाही तरी ते दुखणारे हात त्यांना विसरता येत नाहीत.

दुसरे उदाहरण सी. एस. लुइस यांचे. हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक तरुणपणी नास्तिक होते. १९३१ मध्ये ते ख्रिस्ती श्रद्धेकडे परतले. १९५० साली त्यांचे नार्नियाचे पहिले पुस्तक आले. चार भावंडे एका कपाटातून नार्निया नावाच्या अद्‌भुत देशात जातात. त्यांतला एडमंड मिठाईच्या लोभाने आपल्या भावंडांशी दगा करतो आणि चेटकिणीला मिळतो. त्या देशाच्या जुन्या कायद्याप्रमाणे दगाबाजाचे रक्त चेटकिणीचे. कायदा खोटा नाही, मागणीही खोटी नाही. तेव्हा अस्लान नावाचा सिंह स्वतः त्याच्या जागी मरण पत्करतो आणि पहाटे पुन्हा उठतो. क्रूसाची कथा इथे उघड आहे. पण मला त्याहून मोलाची वाटते ती एक बारीकशी जागा. एडमंड सुटून आल्यावर अस्लान त्याला बाजूला घेऊन बोलतो. काय बोलतो, ते लेखक सांगत नाही. कुणी ऐकलेच नाही म्हणतो. आणि मग सिंह इतर भावंडांना सुचवतो, की झाल्या गोष्टीबद्दल याच्याशी बोलण्याचे कारण नाही. आईबापांनी आणि शिक्षकांनी हे पान दोनदा वाचावे. क्षमा केल्यावर ती रोज जेवताना ताटात वाढायची नसते, हे कुठल्याही व्याख्यानाशिवाय मुलाच्या मनात उतरते.

लुइस यांनी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. ख्रिस्ती शिकवण द्यायची म्हणून आपण ही कथा रचायला बसलो नाही. आधी मनात चित्र आले : बर्फाळ रानातून छत्री घेऊन चाललेला, अर्धा माणूस आणि अर्धा बोकड असा एक प्राणी. शिकवण मागाहून, आपसूक आली. याच्या उलट करून पाहिले तर काय होते, त्याचाही पुरावा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या संडे स्कूलांसाठी बोधकथांचा पूर आला होता. चांगला मुलगा बक्षीस मिळवतो. वाईट मुलगा रविवारी होडीतून जातो आणि बुडतो. मार्क ट्वेनने यांची खास थट्टा केली. १८६५ सालच्या त्याच्या गोष्टीत एक वाईट मुलगा सगळे अपराध करतो, त्याचे काहीच वाकडे होत नाही आणि मोठेपणी तो विधिमंडळात जाऊन बसतो! १८७० सालच्या दुसऱ्या गोष्टीतला चांगला मुलगा पुस्तकाबरहुकूम वागतो आणि हकनाक मरतो. ट्वेन धर्माची टवाळी करीत होता असे म्हणून पुष्कळांनी नाके मुरडली असतील. पण नीट पाहिले तर त्याने मोडला तो हिशेबच. देव म्हणजे बक्षिसे आणि छड्या वाटणारा हेडमास्तर, ही कल्पना त्या बोधकथांनी मुलांच्या मनात भरली होती. आणि ती येशूच्या दाखल्यांपासून कितीतरी लांब होती. मूल मोठे झाले, जगात लबाड माणूस खुशाल नांदताना त्याने पाहिला, की असली श्रद्धा एका दिवसात कोसळते. पुस्तकाच्या निवडीत एवढे पणाला लागलेले असते.

आता मोठ्यांच्या पुस्तकांकडे वळू. ह्यूगोची 'ले मिझराब्ल' १८६२ साली प्रसिद्ध झाली. ज्याँ व्हाल्ज्याँ हा पावाच्या चोरीपायी पकडला गेला आणि पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे शिक्षा वाढत वाढत एकोणीस वर्षे तुरुंगात राहिला. सुटल्यावर त्याला कुणी दारात उभे करीत नाही. एक बिशप त्याला जेवू घालतो, बिछाना देतो. हा रात्री चांदीची भांडी घेऊन पळतो. शिपाई त्याला पकडून आणतात तेव्हा बिशप म्हणतो, भांडी मीच दिली होती, आणि ही चांदीची शमादाने विसरलास की! ही जागा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या पुढची जागा लोक विसरतात. एवढी क्षमा मिळाल्यावरसुद्धा व्हाल्ज्याँ वाटेत एका गरीब पोराचे नाणे दाबून ठेवतो! पोरगा रडत निघून जातो आणि मग, आपण काय केले हे उमगून, हा दांडगा माणूस ढसढसा रडतो. ह्यूगोने हे का लिहिले? कारण कृपा ही जादूची कांडी नव्हे, हे त्याला ठाऊक होते. ती मिळते एका क्षणात; अंगात मुरते आयुष्यभर.

त्याच कादंबरीत जाव्हेर नावाचा पोलीस अधिकारी आहे. तो दुष्ट नाही. लाच खात नाही, खोटे बोलत नाही. कायदा म्हणजे कायदा. पुढे एके दिवशी व्हाल्ज्याँच्या हातात त्याचे प्राण येतात आणि व्हाल्ज्याँ त्याला सोडून देतो. ज्याच्या आयुष्याची चोपडी कधी चुकली नाही अशा या माणसाला हे सोसवत नाही. गुन्हेगाराने आपल्याला जीवदान द्यावे, ही रक्कम कुठल्या रकान्यात मांडायची? तो सेन नदीत उडी घेतो. बिशपची कृपा एकाला वाचवते. तीच कृपा व्हाल्ज्याँच्या हातून आली तेव्हा दुसऱ्याला ती घेता येत नाही. मला विचाराल तर या कादंबरीतला सर्वांत कठीण धडा हा आहे.

दोस्तोयेव्हस्कीच्या 'करामाझॉव्ह बंधू' या १८८० सालच्या कादंबरीत एक छोटी गोष्ट येते. एक खाष्ट म्हातारी मरून अग्नीच्या तळ्यात पडते. तिच्या नावावर जन्मात एकच पुण्य : भिकारणीला दिलेला एक कांदा. देवदूत तोच कांदा पुढे करतो आणि तिला ओढू लागतो. ती जवळजवळ बाहेर आली असता तळ्यातले इतर लोक तिला धरून लोंबकळतात. म्हातारी लाथा झाडते : कांदा माझा आहे, तुमचा नाही! त्याच क्षणी कांदा तुटतो. एवढ्या जणांच्या भाराने तो तुटला नव्हता. 'माझा' म्हटल्यावर तुटला. चार ओळींची गोष्ट, आठ वर्षांच्या मुलाला सांगा, तोंडाला हात लावून ऐकेल. साठीच्या माणसाला सांगा, रात्री झोप लागणार नाही.

मुले आणि मोठी माणसे यांनी एकत्र बसून वाचावी अशी गोष्ट हवी असेल तर टॉलस्टॉयची १८८५ सालची 'जिथे प्रेम तिथे देव' घ्यावी. मार्टिन नावाचा चांभार तळघरात राहतो. खिडकीतून त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात, आणि बहुतेक बूट त्याच्याच हातचे असल्याने तो माणसे बुटांवरून ओळखतो. त्याचा एकुलता मुलगा गेला आहे. शुभवर्तमान वाचता वाचता एका रात्री त्याला आवाज येतो, की उद्या मी येईन. दुसऱ्या दिवशी तो वाट पाहतो. येतो कोण? बर्फ झाडणारा म्हातारा, थंडीने गारठलेली लेकुरवाळी बाई, सफरचंद चोरणारा पोरगा आणि त्याला बदडायला निघालेली म्हातारी. तो एकाला चहा देतो, दुसरीला जेवण आणि अंगावर घ्यायला जुना अंगरखा, आणि त्या दोघांचे भांडण मिटवतो. पोराला एका सफरचंदासाठी चाबूक, मग आपल्या अपराधांसाठी आपल्याला काय, असे तो म्हातारीला विचारतो. थोड्या वेळाने तोच पोरगा म्हातारीचे ओझे खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर चालू लागतो. येणारा येऊन गेला होता हे मार्टिनला रात्री कळते.

हे सारे विलायतेतले झाले, आपल्याकडे काय, असे कुणी विचारील. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा मराठी ओव्यांत रचली; ते 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. श्रोत्यांना पुराण ऐकण्याची सवय होती, म्हणून त्याने पुराणच दिले. पुढे जॉन बन्यनच्या १६७८ सालच्या प्रसिद्ध रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने निघाला. त्यातला यात्रेकरू पाठीवर ओझे घेऊन निघतो. वाटेत क्रूसापाशी पोहोचताच ते ओझे आपोआप सुटते आणि गडगडत जाते. तो ते उतरवत नाही, हे लक्षात ठेवावे.

आणि श्रद्धेचा धडा उपदेशावाचून कसा दिसतो हे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेतच. हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे ताटातुटीची, लोकनिंदेची आणि जिवाच्या आकांताची. पण पुस्तकात कुठे प्रवचन आहे का? बाई हसतात, पुष्कळदा स्वतःलाच हसतात. सोवळेओवळे मनातून कसे हळूहळू गळून गेले ते सांगतात. परक्यांची पोरे घरात कशी आपली झाली ते सांगतात. कोणाचे काय देणे, कोणाचे काय घेणे, याची मांडणी त्या करीत नाहीत. दुखवणाऱ्या माणसांबद्दलही त्यांच्या लेखणीत विष उतरत नाही. वाचकाने यातून शिकवण काढायची ती इथूनच.

आता दोन धोक्यांच्या सूचना. पहिला धोका, जिथे तिथे प्रतीके दिसू लागण्याचा. सिंह दिसला की ख्रिस्त, झाड दिसले की क्रूस, पाणी दिसले की बाप्तिस्मा! टॉल्किन हे निष्ठावंत कॅथलिक होते, पण आपली १९५४-५५ ची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' रूपककथा म्हणून वाचू नये, असे त्यांनी बजावले होते. तरी हिशेब मोडण्याची जागा तिथेही आहे. ज्याने अंगठी अग्नीत टाकायची तो नायक फ्रोडो ऐन वेळी हरतो. काम तडीला जाते ते पूर्वी कुणीतरी दया करून जिवंत सोडलेल्या गॉलममुळे. प्रतीकांची यादी करून हे सापडले नसते. कथा कथा म्हणून वाचल्यावर सापडते.

दुसरा धोका आपल्यासारख्या सहिष्णू वाचकाचा. 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' असे म्हणून आपण मोकळे होतो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे वाचायचे राहून जाते. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याने तिचे म्हणणे तिच्या शब्दांत समजून घ्यावे अशी आपली अपेक्षा असते ना? मग हाच न्याय या पुस्तकांनाही लावावा. पटले नाही तरी चालेल. ओळखले तरी पाहिजे. वर्गात विद्यार्थी मला विचारतात, सर, न कमावता क्षमा मिळाली तर माणूस बेफिकीर नाही का होणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुस्तकेच देतात. शमादाने मिळाल्यानंतर व्हाल्ज्याँने आयुष्यभर केलेले काम पाहा.

मुलांना ही पुस्तके वाचून दाखवताना मग एक पथ्य पाळावे. गोष्ट संपल्यावर 'यातून काय शिकलास?' असे लगेच विचारू नये. थोडे थांबावे. मूल स्वतःच विचारील : त्या वाईट मुलाला का सोडलं? हे बरोबर झालं का? असा प्रश्न आला की समजावे, गोष्ट पोहोचली. उत्तर देण्याची घाई नको. आपल्याकडेही ते तयार असेलच असे नाही.

उधळ्या मुलाच्या गोष्टीचा उत्तरार्ध मघाशी सांगायचा राहिला. घरात वाजंत्री चालू असते आणि थोरला मुलगा शेतावरून परत येतो. हा कधी घर सोडून गेला नाही, बापाचा शब्द त्याने मोडला नाही. धाकटा आल्याचे कळताच तो रागावतो, आत जायला तयार होत नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. तुझा भाऊ हरवला होता, सापडला आहे. आपण वाचणारी, शिकलेली, वेळेवर घरभाडे भरणारी माणसे बहुधा या थोरल्याच्याच जातीची. तो आत गेला की अंगणातच उभा राहिला, ते लूकच्या शुभवर्तमानात सांगितलेले नाही. गोष्ट तिथेच थांबते.